एक्केचाळीस मतं

मी पडलो तो एक्केचाळीस मतांनी.
एवढी माणसं तर आमच्याकडे
फायर स्टेशनात पॅनकेक खायला जमतात.
तेव्हापासून ती आमदार, आणि मी होतो तोच:
एक ट्रक, पुढे लोखंडी फाळ, बर्फ लोटणारा.
हिवाळ्यात देव. एप्रिलनंतर कुत्रंही विचारत नाही.

तिचं नाव ओडेट ब्युलिये.
राजधानी इथून साडेचार तास, रस्ता कोरडा असेल तर.
मंगळवारी पहाटे जाते, गुरुवारी रात्री परतते,
मधल्या वेळात तिथे काय दिवे लावते
ते बघायला आमच्यातलं कोण जातंय?

शनिवारी मात्र ती लाँड्रोमॅटमध्ये बसते.
ऑफिस नाही, पाटी नाही.
तिचा हिशोब असा, की मशीन
माणसाला पस्तीस मिनिटं हलू देत नाही,
आणि बसून राहिलेला माणूस कधीतरी बोलतोच.

बोलतात.
पेपरमिलची पेन्शन अडलीय, कारण कुणा कारकुनानं
मेलेल्या नवऱ्याच्या नावात एक अक्षर जादा घातलंय.
बटाटे काढायच्या सुट्टीत पोराचं बोट पट्ट्यात गेलं,
विमेवाले म्हणतात, ते काम नव्हतं, ती मदत होती.
एकाला नुसतंच सांगायचं असतं
की म्हातारी कुत्री गेली, आणि जमीन गोठलीय,
खणता येत नाही.

ती सगळं लिहून घेते,
बियाणं कंपनीच्या फुकट वहीत,
पेन्सिलीनं, कारण गाडीत पेनातली शाई थिजते.
कुत्रीचंही लिहिते.

काही कामं होतात. जादा अक्षर निघालं,
त्याला अकरा महिने लागले.
बोटाचं काही झालं नाही.
'नाही झालं' हे ती असं म्हणते
जसं आपण म्हणतो, जरा मीठ दे.

ओढ्यावरच्या पुलाचं बिल समितीतच मेलं,
नऊ विरुद्ध चार.
तिनं येऊन लाँड्रोमॅटच्या काचेवर कागद लावला:
हरले. पुढच्या अधिवेशनात पुन्हा.
खाली कुणीतरी खरडलं: बघू.
अक्षर माझं होतं.

मग फेब्रुवारीतली ती रात्र.
तीन वाजून वीस मिनिटं, फोन.
रेनो, सेलेस्टबाईंचं डायलिसिस सातला आहे.
पुलापलीकडचा रस्ता कुणाच्याच यादीत नाही,
ना गावाच्या, ना राज्याच्या.
मी म्हटलं, मग तुझ्या राज्याला सांग.
सांगितलंय, म्हणाली. आता तुला सांगतेय.

शिव्या घालत बूट चढवले.
पूल ओलांडताना ट्रक कुरकुरला, मीही.
वळणावर दिव्यांच्या झोतात कुणीतरी दिसलं,
वाकलेलं, फावडं हातात,
दारापासून रस्त्यापर्यंत एक चिंचोळी वाट
जवळजवळ पुरी करत आणलेली.
कोटाखाली तोच निळा ब्लेझर,
जो घालून ती शपथेच्या फोटोत उभी आहे.

काच खाली करून म्हटलं,
मी तुला मत दिलं नव्हतं.
उघडच आहे, ती म्हणाली, तू स्वतः उभा होतास.
आणि डावीकडे पत्रपेटी आहे, बर्फाखाली,
जपून.

बस, एवढंच बोलणं.
सेलेस्टबाई साडेपाचला निघाल्या,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात,
एखाद्या समारंभाला निघाल्यासारख्या.
कुणी आभार मानले नाहीत. थंडीच तशी होती,
तोंड उघडलं की दात दुखत.

पैसे किती, तिनं विचारलं.
मी आकडा सांगितला, नेहमीचा,
एक डॉलर कमी केला नाही.
तिनं पाकिटातून मोजून दिले, स्वतःच्या,
नि पावती मागितली नाही.
ते मला परतीच्या वाटेवर लक्षात आलं,
आणि मेलं, उगाच टोचत राहिलं.

माझ्या घरी वॉशिंग मशीन आहे.
चांगलं चालतं, आवाजही करत नाही.
तरी परवा शनिवारी
पिशवीत चार शर्ट कोंबले,
धुतलेलेच,
आणि पस्तीस मिनिटांची नाणी खिशात टाकली.